प्रीमेड मुलीने मेजर कोणते घ्यावे? जीवशास्त्र की भाषाशास्त्र?

शेवंती
नमस्कार. आम्ही गेली एकोणीस वर्षे ओहायो राज्यात राहतो. थोरली लेक इथल्याच एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर व्हायचे हे तिचे सातवीपासून ठरलेले आहे आणि त्याविषयी घरात वाद नाही. वाद आहे तो मेजरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा, आणि या सेमिस्टरच्या अखेरीस ते जाहीर करावे लागणार आहे.

यजमानांचे म्हणणे असे की डॉक्टरच व्हायचे आहे तर जीवशास्त्राखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करण्याचे कारणच नाही. लेकीचे म्हणणे असे की मेडिकलला लागणारे रसायन, भौतिक, जीवशास्त्र हे सगळे विषय मी घेणारच आहे, पण मेजर मात्र भाषाशास्त्र घेईन, कारण त्या एकाच वर्गातून मी ताजीतवानी होऊन बाहेर पडते. तिचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, सध्या चारपैकी ३.६७ आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या सेमिस्टरला बी मायनस मिळाला, आणि तेव्हापासून घरात या विषयाला धार आली आहे.

मी स्वतः पुण्यात वाणिज्य शाखेत शिकले, त्यामुळे दोघांच्याही मध्ये मी नुसती मान डोलावते. ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत, त्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

मिशिगनकर
शेवंतीताई, आमच्या मुलाने बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेतले होते, तेही माझ्या आग्रहामुळे. माझा हिशेब असा होता की मेडिकलला प्रवेश मिळाला तर उत्तम, आणि नाही मिळाला तर हातात इंजिनिअरची पदवी राहील. हिशेब कागदावर फार सुंदर होता. प्रत्यक्षात इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम एवढा ठासून भरलेला असतो, की ऑरगॅनिकची दोन सेमिस्टरे आणि बायोकेमिस्ट्री त्यात बसवण्यासाठी त्याला प्रत्येक सेमिस्टरला नेहमीपेक्षा एक विषय जास्त घ्यावा लागला. परिणाम असा झाला की पदवी ३.३ वर आली. प्रवेश समितीपुढे आमचा अभ्यासक्रम कठीण होता असे सांगता येते, आणि तिथे बसलेल्या माणसांना ते ठाऊकही असते, पण ती सहानुभूती दशांशचिन्हाच्या पुढे फारशी सरकत नाही.

पुढे त्याने दोन वर्षे रुग्णालयात स्क्राइब, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा, म्हणून काम केले, संध्याकाळी काही विषय नव्याने घेतले, आणि दुसऱ्या प्रयत्नात त्याला प्रवेश मिळाला. आज तो रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यानंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या, पहिल्या वर्षात आहे. इंजिनिअरिंगची पदवी त्याने अजून कुठेही वापरलेली नाही. एकदा घरातला डिशवॉशर मात्र दुरुस्त केला होता.

पाटीपेन्सिल
मी साताऱ्यात राहतो आणि हा धागा केवळ कुतूहलापोटी वाचतो आहे. आमच्याकडे बारावीला बी ग्रुप घ्यायचा, नीटची परीक्षा द्यायची, गुण मिळाले तर एमबीबीएस आणि नाही मिळाले तर पुन्हा नीट, एवढाच रस्ता आहे. अमेरिकेत डॉक्टर होण्याआधी भाषाशास्त्राची पदवी घेता येते, हे वाचून मी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

डॉ. कडुलिंब
पाटीपेन्सिल, खुर्ची ओढलीच आहे तर थोडे सविस्तर सांगतो. येथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. आधी चार वर्षांची कोणत्याही विषयातली पदवी, मग चार वर्षांचे मेडिकल स्कूल, मग तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. त्यामुळे प्रीमेड हे मेजरचे नाव नसून एका वाटेचे नाव आहे. त्या वाटेवर लागणारे विषय साधारण ठरलेले असतात: जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, ऑरगॅनिक आणि भौतिकशास्त्र प्रत्येकी एक वर्ष प्रयोगशाळेसह, शिवाय बायोकेमिस्ट्री, इंग्रजी, थोडे संख्याशास्त्र. प्रत्येक मेडिकल स्कूलची यादी थोडी वेगळी असते, म्हणून ती आधी पाहून ठेवावी.

शेवंतीताई, मी स्वतः महाराष्ट्रात एमबीबीएस करून इथे आलो, त्यामुळे माझा मेजरशी कधी संबंध आला नाही. परंतु गेली काही वर्षे एका मेडिकल स्कूलसाठी प्रवेशेच्छूंच्या मुलाखती घेतो. समोरच्या मुलाने काय शिकले याहून ते का शिकले, हे त्याला सांगता येते का, याकडे माझे लक्ष असते. ‘जीवशास्त्र का घेतले?’ या प्रश्नावर ‘मेडिकलला जायचे होते म्हणून’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की हल्ली तो प्रश्न विचारणेच सोडून दिले आहे. उलट एका मुलीने मध्ययुगीन युरोपातल्या साथींचा इतिहास शिकला होता. लोक आपल्या आजाराचे कारण कसे शोधतात, यावर ती पंधरा मिनिटे इतके नेमके बोलली, की मला माझ्याच दवाखान्यातले काही रुग्ण नव्याने समजले.

अटकेपार
डॉक्टरसाहेबांचा अनुभव गोड आहे, परंतु मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या मुलांचाच तो अनुभव आहे, हे लक्षात घ्यावे. तिथपर्यंत पोहोचण्याचा रस्ता आकड्यांचा आहे. दरवर्षी सुमारे ५२ हजार विद्यार्थी एमडी ही इथली डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या मेडिकल स्कूलांत अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना जागा मिळते. जागा मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास असतो आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा सरासरी गुणांक ५११ ते ५१२, तोही ४७२ ते ५२८ या मापपट्टीवर, जिचा मध्यबिंदू ५०० आहे. ३.६७ वर असलेल्या मुलीने आवडीनिवडीची चैन करावी का, हा यजमानांचा प्रश्न मला अगदीच गैरलागू वाटत नाही.

ऊनसावली
अटकेपार, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते प्रसिद्ध करणारी एएएमसी ही मेडिकल स्कूलांची संघटना मेजरनिहाय तक्ताही प्रसिद्ध करते आणि तो तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुले जीवशास्त्राची असतात आणि मानव्यविद्येची शेकडा तीन-चार. तरीही मानव्यविद्येच्या मुलांचे प्रवेशाचे प्रमाण जीवशास्त्राच्या मुलांपेक्षा काहीसे अधिक असते, आणि एमकॅटची सरासरीही.

अटकेपार
तो तक्ता मी पाहिलेला आहे. त्यावरून इतिहास किंवा भाषाशास्त्र घेतले की एमकॅटचे गुण वाढतात, असा अर्थ काढणे म्हणजे छत्री घेऊन फिरणाऱ्यांमुळे पाऊस पडतो असे मानण्यासारखे आहे. चार वर्षे एखाद्या मानव्यविषयात घालवूनही ज्याने ऑरगॅनिक आणि भौतिकशास्त्र निभावले, आणि तरीही ज्याला मेडिकलला जायचेच आहे, तो मुलगा मुळातच गाळून आलेला असतो. जीवशास्त्राच्या रांगेत मात्र सगळेच उभे असतात.

ऊनसावली
हे मान्य. परंतु मग उलट बाजूही मान्य करावी लागेल, की जीवशास्त्र न घेतल्याने तोटा होतो असेही त्या तक्त्यातून दिसत नाही. शेवंतीताईंच्या यजमानांची भीती तीच आहे.

गोदातीर
या ठिकाणी एक बारीक गणित सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या मुलीच्या वेळी ते आम्हाला फार उशिरा कळले.

अ‍ॅमकास ही जी सामाईक अर्जव्यवस्था आहे, ती दोन जीपीए काढते. एक सगळ्या विषयांचा आणि दुसरा केवळ जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या चार विषयांचा. संख्याशास्त्र गणितातच धरले जाते. आता असे समजा, की ऑरगॅनिकचा विषय चार क्रेडिटांचा आहे आणि ए ऐवजी बी मायनस आला, म्हणजे प्रत्येक क्रेडिटमागे १.३ याप्रमाणे ५.२ गुण गेले. जीवशास्त्र मेजर असलेल्या मुलीची विज्ञानाची क्रेडिटे पदवीअखेर सत्तरच्या घरात जातात, त्यामुळे ५.२ ला ७० ने भागले की तोटा ०.०७ इतकाच राहतो. भाषाशास्त्राच्या मुलीची विज्ञानाची क्रेडिटे जेमतेम चाळीस होतील, आणि तोच तोटा ०.१३ होतो. म्हणजे मेजर मानव्यविद्येचे असले की विज्ञानातली प्रत्येक घसरण जवळजवळ दुप्पट उठून दिसते.

याची दुसरी बाजू अशी, की जीवशास्त्राच्या वरच्या वर्गांतही बी मिळत राहिले, तर ती जास्तीची तीस क्रेडिटे भर घालण्याऐवजी पायच खेचतात. आमच्या मुलीचे नेमके तसे झाले. तिने जीवशास्त्र घेतले होते आणि तिसऱ्या वर्षीच्या दोन विषयांनी तिचा विज्ञानाचा जीपीए पहिल्या दोन वर्षांच्या खाली आणून ठेवला. तेव्हा उत्तर मेजरच्या नावात शोधण्यापेक्षा, ही मुलगी पुढचे विज्ञानाचे विषय कसे पार पाडेल, या प्रश्नात शोधावे. तो बी मायनस कशामुळे आला, हे तुम्ही लेकीला विचारले आहे का?

शेवंती
गोदातीर, विचारले. उत्तर ऐकून मला हसावे की रडावे ते कळेना. त्या सेमिस्टरला तिने आठवड्यातून बारा तास ग्रंथालयात काम केले, एका वृद्धाश्रमात स्वयंसेवा केली, आणि ‘सगळे प्रीमेड असेच करतात’ म्हणून पाच विषय घेतले. ऑरगॅनिकचा अभ्यास ती रात्री अकरानंतर करत होती. या सगळ्यात भाषाशास्त्राचा एकच विषय होता आणि त्यात तिला ए मिळाला, म्हणून यजमानांचा संशय त्या बिचाऱ्या विषयावर गेला आहे.

बाराखडी
गुन्हा एकाने करावा आणि ज्याने पाणी पाजले त्याला पोलिसांनी धरावे, तसे झाले हे.

वऱ्हाडी ठेचा
भाषाशास्त्र म्हटले की यजमानांच्या कपाळावर आठी पडते, म्हणून दोन दाखले देतो. अतुल गावंडे हे नाव मराठी घरांत सांगावे लागत नाही. त्यांचे वडील आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, उमरखेडजवळच्या उटी गावचे, आणि पुढे तुमच्याच ओहायोत, अथेन्स गावी, मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून त्यांनी व्यवसाय केला. मुलाने स्टॅनफर्डला जीवशास्त्राबरोबर राज्यशास्त्र घेतले, मग ऑक्सफर्डला जाऊन तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकला, आणि त्यानंतर हार्वर्डमधून १९९५ साली एमडी झाला.

दुसरा दाखला हॅरल्ड व्हार्मस यांचा. अ‍ॅम्हर्स्ट महाविद्यालयात त्यांचे मेजर इंग्रजी साहित्य होते आणि त्याच विषयात त्यांनी हार्वर्डमधून एम.ए. केले. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने त्यांना दोनदा नाकारले. मग ते कोलंबियात शिकले आणि १९८९ साली कर्करोगाच्या जनुकांवरील संशोधनासाठी नोबेलचे मानकरी झाले.

अटकेपार
नोबेल मिळालेल्यांवरून प्रवेशाचे धोरण ठरवू नये, एवढेच म्हणतो. साहित्य शिकून दोनदा नाकारल्या गेलेल्या आणि नोबेल न मिळालेल्या माणसांचे दाखले कोणी लिहून ठेवत नाही.

वऱ्हाडी ठेचा
हे मात्र खरे आहे. ठेचा मागे घेतो, भाकरी ठेवून जातो.

मोगरा
थोडे अवांतर होईल, पण आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे कोणतीही पदवी नव्हती, आणि तरी १८८६ मध्ये त्या एमडी झाल्या. मग आधी पदवी घेण्याचा हा चार वर्षांचा वळसा मध्येच कोठून आला?

डॉ. कडुलिंब
अवांतर मुळीच नाही. आनंदीबाईंच्या काळी बहुतेक अमेरिकन मेडिकल स्कूलांत प्रवेशाला पदवी लागत नसे. जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये मेडिकल स्कूल सुरू केले तेव्हा आधीच्या पदवीची अट घातली, आणि ती त्या काळात अपवादात्मक होती. पुढे १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या मेडिकल स्कूलांची पाहणी करून एक अहवाल लिहिला, ज्यात मेडिकलला येण्यापूर्वी रसायन, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे महाविद्यालयीन शिक्षण झालेले असावे असा आग्रह होता. आज शेवंतीताईंच्या लेकीला जी विषयांची यादी छळते आहे, तिचे मूळ शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. गंमत म्हणजे फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांचे शिक्षण अभिजात भाषांत झाले होते.

बाराखडी
म्हणजे भाषावाल्यांनीच ऑरगॅनिक लादले. आता भाषावालीनेच ते फेडावे, यात एक न्याय आहे.

सुपारी_फुटली
मी वेगळ्या परिस्थितीतून लिहिते. वरची सगळी चर्चा ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांना लागू पडते. आमची मुलगी एच-४ वर, म्हणजे पालकांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या दर्जावर, होती आणि एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपणार म्हणून तिला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला. बहुतेक मेडिकल स्कूले अशा विद्यार्थ्यांचा अर्ज विचारातच घेत नाहीत, आणि जी घेतात त्यांतली काही पूर्ण फीची तजवीज आधी दाखवायला सांगतात. त्यामुळे प्रवेश मिळाला नाही तर पदवीनंतर या देशात काम करत राहता येईल का, हा प्रश्न आमच्यासाठी मेजरच्या आवडीपेक्षा मोठा होता. साधे ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, बारा महिन्यांचे असते, आणि स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतली पदवी असेल तर त्यावर आणखी चोवीस महिने मिळू शकतात. म्हणून तिने संख्याशास्त्र घेतले. तिला संगीतशास्त्र घ्यायचे होते. अशा घरांनी मेजरच्या नावाबरोबर विद्यापीठाने त्याला दिलेला संकेतांकही आधी तपासावा, कारण एकाच विषयाच्या दोन पदव्यांपैकी एक यादीत असते आणि दुसरी नसते.

शेवंती
तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबले. आमच्याकडे ग्रीन कार्ड आले तेव्हा लेक नऊ वर्षांची होती, म्हणून हा प्रश्न आमच्या घरात कधी उभाच राहिला नाही. आमच्या घरातला वाद किती सुरक्षित जागी बसून चाललेला आहे, हे जाणवले.

मिशिगनकर
शिफारसपत्रांविषयी कोणी बोलले नाही, म्हणून सांगतो. साधारणपणे दोन पत्रे विज्ञानाच्या प्राध्यापकांची लागतात. सरकारी विद्यापीठात जीवशास्त्राच्या पहिल्या वर्गात तीनशे मुले असतात आणि प्राध्यापकाला माझा मुलगा म्हणजे एक आसनक्रमांक. भाषाशास्त्राच्या वर्गात पंधरा मुले असतील, तिथले पत्र जिवंत उतरेल. परंतु विज्ञानाची दोन पत्रे तरीही मिळवावीच लागतील. तेव्हा ज्या विषयात ए मिळेल अशी खात्री असेल, त्या प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत तिने आतापासून जाऊन बसावे. आमचा मुलगा चौथ्या वर्षी जाऊन बसला, आणि प्राध्यापकांनी त्याला आधी नाव विचारले.

तेजोमय
मी स्वतः मेडिकलच्या दुसऱ्या वर्षात आहे, त्यामुळे या धाग्यावर बहुधा सगळ्यांत लहान असेन. माझे मेजर मानववंशशास्त्र होते. दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, एमकॅट २०१५ मध्ये बदलली. आता चारपैकी एक भाग मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा आहे, आणि दुसरा केवळ उतारे वाचून तर्क करण्याचा, ज्यात नव्वद मिनिटांत नऊ उतारे आणि ५३ प्रश्न असतात. त्या उताऱ्यांत विज्ञान नसते. कला, नीतिशास्त्र, इतिहास, क्वचित भाषाशास्त्रही असते. माझे जीवशास्त्राचे मित्र याच भागाला सर्वाधिक घाबरत असत, कारण त्यासाठी पाठ करण्यासारखे काही नसते. मला तिथे मदत झाली. बायोकेमिस्ट्रीत मात्र त्यांनी जे वरच्या वर्गात आधीच शिकले होते, ते मी एका उन्हाळ्यात पुस्तकातून एकट्याने शिकलो, आणि तो उन्हाळा मला पुन्हा नको आहे.

दुसरी गोष्ट शेवंतीकाकूंच्या यजमानांना पटणार नाही कदाचित. मेडिकलच्या पहिल्या सेमिस्टरला जीवशास्त्राची मुले माझ्या पुढे होती, हे खरे आहे. पेशीविज्ञान त्यांना उजळणीसारखे गेले. डिसेंबरपर्यंत हा फरक नाहीसा झाला. काका त्या तीन महिन्यांसाठी चार वर्षे मागत आहेत.

अटकेपार
तेजोमय, शेवटचे वाक्य चांगले आहे. तरी विचारतो, तुम्हाला प्रवेश मिळाला नसता तर?

तेजोमय
काका, तेव्हा माझ्या जीवशास्त्राच्या मित्राचे जे झाले तेच झाले असते. तो प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करून पुन्हा अर्ज करतो आहे. नुसत्या जीवशास्त्राच्या पदवीवर मिळणारा पगार फार मोठा नसतो. भाषाशास्त्रानंतर तर वाचा आणि भाषा उपचाराच्या पदव्युत्तर शिक्षणाकडेही जाता येते, आणि तीही रुग्णसेवाच आहे.

ऊनसावली
मुलगी दुसऱ्या वर्षात आहे म्हणून आणखी एक. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ मध्ये मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी एमकॅटशिवाय प्रवेशाचा कार्यक्रम काढला होता, आणि २०१३ मध्ये तो फ्लेक्समेड या नावाने कोणत्याही मेजरसाठी खुला केला. त्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षीच अर्ज करायचा असे; तो सध्या अर्ज घेतो का, हे आधी पाहावे. जागा थोड्या आणि स्पर्धा भयंकर, त्यामुळे ३.६७ वर मी त्याची आशा लावणार नाही, पण अशी वाट एका नामांकित संस्थेने मुद्दाम आखली, हे यजमानांना दाखवण्यासारखे आहे.

शेवंती
सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगते.

रविवारी दोघे बापलेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले आणि उरलेल्या पाच सेमिस्टरांचा तक्ता त्यांनी मांडला. गोदातीर यांचे चाळीस आणि सत्तर क्रेडिटांचे गणित यजमानांनी स्वतः पुन्हा करून पाहिले, कारण ते दुसऱ्याच्या बेरजेवर विश्वास ठेवत नाहीत. शेवटी असे ठरले: मेजर भाषाशास्त्र, जोडीला संख्याशास्त्राचे दोन आणि मज्जाविज्ञानाचा एक विषय, म्हणजे विज्ञानाची क्रेडिटे पन्नाशीजवळ जातील, ग्रंथालयातले काम बंद, एमकॅट तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस न देता चौथ्या वर्षी, आणि मेडिकलच्या आधी एक मोकळे वर्ष. त्या मोकळ्या वर्षावर यजमान अडले होते, पण हल्ली निम्म्याहून अधिक मुले ते घेतात हे कळल्यावर ते सैलावले.

एक गोष्ट तक्त्याबाहेरची. भाषाशास्त्राच्या प्रकल्पासाठी लेक माझ्या सासूबाईंचे देवगडकडचे बोलणे ध्वनिमुद्रित करते आहे. त्यातला एक शब्द तिला लागेना म्हणून तिने वडिलांना विचारला, आणि ते तासभर बोलत होते. मी चहा दोनदा गरम केला.

आता नवीन अडचण. पुढच्या सेमिस्टरला ऑरगॅनिकची प्रयोगशाळा आणि ध्वनिविचाराचा तास, दोन्ही मंगळवारी दुपारी दोनला आहेत. ऑरगॅनिक उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे गावातल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात, करावे का?

गोदातीर
शक्यतो नको. आधीच बी मायनस आहे, तेव्हा दुसरे सेमिस्टर स्वतःच्या विद्यापीठातच चांगले करून दाखवावे. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या तुकडीच्या प्रतीक्षायादीत आजच नाव घालायला सांगा. पहिल्या चाचणीनंतर जागा रिकाम्या होतात.

मिशिगनकर
होतात. आमच्या मुलाने अशीच एक रिकामी केली होती.